मोटारीचा खुराक आणि हिशोबाची वही

श्रोतेहो, बैल विकत घ्यायला निघालेला शेतकरी त्याचे दात पाहतो, खांदा पाहतो, चाल पाहतो. घरी आणल्यावरही तो वैरण किती खातो आणि काम किती ओढतो, याचा मनातल्या मनात ताळा ठेवतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण यातले निम्मेच करतो. "ॲव्हरेज किती देते हो?" असे गाडी घेण्यापूर्वी दहा जणांना विचारतो, आणि गाडी दारात आली की तो प्रश्न विसरून जातो. पुढे खिसा हलका होऊ लागला म्हणजे मग त्याची आठवण होते.

मी मोटारीचा मिस्त्री नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा मास्तर आहे आणि वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहतो. तेव्हा मोटारीला पेट्रोल कमी कसे लागेल, हा विषय मी कुठल्या अधिकाराने मांडतो आहे, असे आपण विचाराल. अधिकार एवढाच की, या विषयाने माझ्याच घरी मला एकदा चांगला धडा शिकवला. तो मी आज आपणांस सांगणार आहे.

माझी पत्नी वाडा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिक्षिका आहे. वसईहून वाड्याकडे रेल्वे जात नाही. एसटी आहे, पण ती शाळेच्या वेळेला गाठता येईलच असे नाही. म्हणून आसपास राहणाऱ्या चार शिक्षकांनी मिळून एक सोय केली. गाडी आमची, जुनी, लहानशी, पेट्रोलवर चालणारी. ती चालवायला गोखिवऱ्याचा एक तरुण मुलगा ठेवला. त्याचा पगार आणि पेट्रोल चौघांनी वाटून घ्यायचे. जाऊन-येऊन रोज नव्वदएक किलोमीटर, महिन्याचे साधारण २००० किलोमीटर होत. दीड वर्ष सारे सुरळीत चालले. मग एका दिवाळीनंतर पेट्रोलचा वाटा वाढू लागला. पूर्वी लिटरला १८ किलोमीटर जाणारी गाडी १४ च्या आसपास आली.

चार किलोमीटरचा फरक ऐकायला लहान वाटतो. हिशोब करून पाहू. २००० किलोमीटरला १८ च्या हिशोबाने १११ लिटर पेट्रोल लागते, आणि १४ च्या हिशोबाने १४३ लिटर. म्हणजे महिन्याला ३२ लिटर जास्त. सोपे जावे म्हणून लिटरचा भाव १०० रुपये धरला, तरी ३२०० रुपये झाले, माणशी ८००. शिक्षकाच्या घरात ही रक्कम नजरेआड होत नाही.

मग अशा वेळी जे होते तेच झाले. पेट्रोल भरायला मुलगा जातो, पैसे रोख त्याच्या हातात असतात. गाडीतले एक गुरुजी एके दिवशी हळूच म्हणाले, "सर, पोरगा पेट्रोल काढत असणार." एका बाईंना पंपावर संशय. मी वर काही बोललो नाही. पण खोटे कशाला सांगू, ते माझ्याही मनात आलेच. माणसावर संशय घ्यायला मोजमाप लागत नाही, गाडीवर घ्यायचा तर मोजावे लागते, आणि मोजण्याचा आपल्याला कंटाळा!

तेव्हा पहिली गोष्ट, मोजायचे कसे? यासाठी एक वही आणि एक पेन्सिल पुरते. पंपावर टाकी पूर्ण भरावी. पेट्रोलची नळी पहिल्यांदा आपोआप थांबते, तिथेच थांबावे. वर आणखी थोडे घालून रुपयांचा आकडा गोल करू नये. किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. नेहमीप्रमाणे गाडी चालवावी. पुन्हा भरायची वेळ आली की शक्य तर त्याच पंपावर, त्याच तऱ्हेने टाकी भरावी. मधले किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लिटर, की झाले ॲव्हरेज. मात्र एका टाकीवरून निकाल देऊ नये. कधी पाऊस, कधी गर्दी, कधी लांबचा रस्ता असतो. तीन टाक्या मिळून जो आकडा येईल, तो खरा मानावा.

आपली एसटी हे काम वर्षानुवर्षे करत आली आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटीला डिझेलचा हिशोब सुटलेला नाही. तिथे १० लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, असा आकडा काढतात. त्याला 'केपीटीएल' म्हणतात. एकाच मार्गावर, एकाच जातीच्या गाडीत, दोन चालकांचे आकडे वेगळे पडतात. त्यावरून दोष गाडीचा की हाताचा, याचा अंदाज घेता येतो.

वर्गात गणित शिकवणाऱ्यांसाठी यातली एक गंमत सांगतो. एका गाडीचे ॲव्हरेज १० वरून १२ वर गेले आणि दुसरीचे २० वरून २२ वर गेले. दोघींत वाढ दोनाचीच. पण १००० किलोमीटरला पहिली १७ लिटर वाचवते आणि दुसरी साडेचार लिटरच. जी गाडी जास्त खाते, तिच्याकडे आधी लक्ष द्यावे, हे मुलांना या एका उदाहरणाने पटते.

असो. नाताळात माझ्या कॉलेजला सुट्टी होती, शाळा चालू होत्या. मी मुलाला म्हटले, "आठवडाभर तू घरी राहा, पगार चालू राहील, गाडी मी नेतो." गाडी मी चालवली, पेट्रोल मी भरले, आकडे मी लिहिले. दोनदा टाकी भरली. दोन्ही वेळा आकडा १४ च्या वर गेला नाही. पंप बदलून पाहिला, तरी तेच. म्हणजे मुलगा निर्दोष आणि पंपही निर्दोष. चोर गाडीतच बसला होता.

आता हा चोर शोधायचा, तर पेट्रोल मुळात जाते कुठे, हे समजून घेतले पाहिजे. चुलीत घातलेल्या लाकडाची सगळी आच भांड्याला लागत नाही. बरीच इकडेतिकडे जाते. इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोलमधली सुमारे चौथा हिस्सा शक्तीच चाकांपर्यंत पोचते. बाकीची रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. चाकांपर्यंत पोचलेल्या शक्तीलाही तीन वाटेकरी असतात. एक, टायर आणि रस्ता यांच्यातली ओढ. दुसरा, समोरची हवा. तिसरा आपला ब्रेक.

टायरचे आधी पाहू. सायकलच्या चाकात हवा कमी असली की मांड्या भरून येतात, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. मोटारीत मांड्या इंजिनाच्या असतात, म्हणून आपल्याला कळत नाही. किती हवा भरायची हे पंक्चरवाल्याला विचारण्याची गरज नाही. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळ त्याचा तक्ता चिकटवलेला असतो. हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. चारही टायरांत ५ पौंड हवा कमी असेल, तर पेट्रोल साधारण एक टक्का जास्त जाते. आकडा फार मोठा नाही. पण टायर लवकर झिजतो, आणि उन्हाळ्यात हमरस्त्यावर फुटण्याचा धोका वाढतो. आमच्या गाडीत ३२ ऐवजी २४ पौंड निघाली. भरली. ॲव्हरेज जेमतेम हलले.

मग ब्रेक. वसईत पावसाळा म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. २०१८ च्या जुलैत तर वसई-नालासोपाऱ्याकडे रुळांवर पाणी येऊन लोकल बंद पडल्या होत्या. आमच्या वस्तीतल्या रस्त्यांवरही पाणी साचते आणि गाड्या त्यातून जातात. ब्रेकच्या भागांत पाणी आणि गाळ शिरतो, गंज धरतो. मग पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही. जू मानेवर आणि पाठीमागून कोणी शेपटी धरून ओढतो आहे, अशी गाडीची अवस्था होते. ओळखायची खूण सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर ब्रेक फारसा न दाबता गाडी चालवावी, सपाट जागी उभी करावी आणि चाकाला हात न लावता प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा. एकच चाक इतरांपेक्षा तापलेले लागले, तर तिथे ब्रेक चिकटतो आहे असे समजावे. आमचे मागचे डावे चाक तसे निघाले. साफसफाई केली, आणि वहीतला आकडा १५ च्या थोडा वर आला.

तरीही दोन-अडीच किलोमीटर बेपत्ताच. आणि इथे मला ती वहीच उपयोगी पडली. दीड वर्षाची पाने उलटताना दिसले की, आकडा हळूहळू उतरला नव्हता. मोठी घसरण एकाच ठिकाणी होती. त्या आठवड्यात काय झाले होते? दिवाळीपूर्वी गाडी तापते म्हणून एका गॅरेजात रेडिएटरचे काम करून घेतले होते. त्यानंतर गाडी कधी तापली नव्हती. आम्ही खूश होतो. पण आता नीट लक्ष दिल्यावर ध्यानात आले की, गाडी तापत नव्हती इतकेच नव्हे, तर हमरस्त्यावर ती गरमच होत नव्हती. तापमानाचा काटा तळाशीच असे. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवले. त्याने नळी सोडवली, आत बोट घातले आणि म्हणाला, "सर, थर्मोस्टॅटच काढून टाकलाय की!"

हा थर्मोस्टॅट म्हणजे काय, ते सांगतो. इंजिनाभोवती पाणी खेळत असते. हल्ली त्यात कूलंट घालतात. ते रेडिएटरमध्ये जाऊन थंड होते आणि परत येते. या वाटेवर एक छोटी झडप असते. तिच्या पोटात मेणाची कुपी असते. इंजिन गार असताना मेण घट्ट असते आणि झडप बंद राहते. पाणी आतल्या आत फिरून लवकर तापते. साधारण ८० ते ९० अंशांना मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. ना वीज, ना यंत्र. नुसत्या मेणावर चालणारा पहारेकरी!

ही झडप कधी अडकते आणि गाडी तापू लागते. नवी बसवणे हा खरा उपाय. पण काही मिस्त्री ती काढूनच टाकतात. गाडी तापायची थांबते, गिऱ्हाईक खूश होते. पुढचे कोणी पाहत नाही. पहाटे गार इंजिन सुरू करताना पेट्रोल जास्त लागते, हे आपण जाणतोच. हल्लीच्या गाडीत एक छोटा संगणक असतो. इंजिन गार आहे असे सेन्सरने त्याला सांगितले की तो पेट्रोल सढळ हाताने सोडतो. झडप नसल्याने आमचे इंजिन वाऱ्याच्या झोतात कायम गारच राही, आणि संगणक बिचारा वाड्यापर्यंत पहाटच आहे असे समजून पेट्रोल सोडत राही. नवा थर्मोस्टॅट बसवला. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी साडेसतरा आली.

यातून मी एक गोष्ट शिकलो. ॲव्हरेज वाढवायचे म्हणजे गाडीत काही नवे घालायचे, असे आपल्याला वाटते. खरे पाहता गाडी कारखान्यातून आली तेव्हा जशी होती, तशी परत करणे यातच बहुतेक बचत असते.

त्याच दृष्टीने आणखी दोन-चार जागा पाहाव्यात. इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जातीचेच घालावे. "जाड ऑइल बरे" हा समज जुन्या इंजिनांच्या काळचा आहे. जाड ऑइल ढवळण्यातच शक्ती जाते. प्लग वेळेवर बदलावेत. समोरच्या तक्त्यावर इंजिनाचे पिवळे चित्र पेटून राहिले, तर "चालतंय ना, मग राहू दे" असे म्हणू नये. सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. तो बिघडला तर पेट्रोल भलतेच वाढू शकते.

एअर फिल्टरविषयी मात्र एक गैरसमज आहे. तो तुंबला की ॲव्हरेज घटते, असे सगळे सांगतात. कार्बोरेटरच्या गाड्यांत, म्हणजे आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत, ते खरे होते. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांवर अमेरिकेत ओक रिज येथील प्रयोगशाळेने २००९ साली प्रयोग केले, तेव्हा फिल्टर तुंबल्याने गाडीचा जोर कमी झाला, पण ॲव्हरेज फारसे बदलले नाही, असे आढळले. कारण संगणक हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो. फिल्टर बदलावाच, पण इंजिनाच्या आरोग्यासाठी.

आता गाडीत फेरफार करण्याविषयी. ही खटपट काही आजची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले, तेव्हा आपल्याकडच्या सर्व्हिस मोटारींना मागे भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर चालवीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचाराल, तर चढावर उतारूंना खाली उतरून ढकलायला लावल्याच्या आठवणी निघतील. ती गरज होती. आजचे पुष्कळसे फेरफार गरजेपोटी नसतात, जाहिरातीपोटी असतात.

पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बसवा, पाण्यापासून हायड्रोजन काढणारी बाटली लावा, टाकीत गोळी टाका, आणि २० टक्के पेट्रोल वाचवा, असे सांगणारे भेटतात. एक साधा विचार करावा. धड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ सगळेच जळते. न जळता बाहेर पडणारा भाग फारच थोडा असतो. मग "पेट्रोल पूर्ण जाळून" वीस टक्के वाचवणार कुठून? जे सांडतच नाही, ते भरून कसे काढणार? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही सापडले नाही. तरुणपणी मीही स्कूटरला एक चुंबक लावला होता. त्याला टाचण्या छान चिकटत, याहून अधिक उपयोग झाला नाही.

रुंद टायर आणि भपकेदार चाके लावली की ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त लागते. शिवाय चाकाचा घेर बदलला की किलोमीटरचा आकडाही चुकतो. चाक लहान झाले तर मीटर जास्त किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज वाढल्याचा भास होतो. गाडी तितकीच गेलेली असते, फुगलेला असतो तो आकडा.

इंजिनाचा संगणक बदलून घेणे, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे, हे तर अंगाशी येणारे आहे. आरसी बुकात नोंदलेल्या गाडीच्या स्वरूपात मनाला येईल तसा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई केली आहे. विमा मागायची वेळ आली की असे बदल आडवे येतात.

मग उपयोगाचा फेरफार एकही नाही का? आहे. पहिला फेरफार काढून टाकण्याचा. छपरावरचे रिकामे कॅरिअर उतरवावे. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. त्यात छपरावर लोखंडी जाळी म्हणजे वाऱ्याला आमंत्रणच. डिकीत आपण अर्धा संसार घेऊन फिरतो, तोही उतरवावा. ४५ किलो ओझे कमी केले की लहान गाडीत साधारण एक टक्का फरक पडतो.

दुसरा, सीएनजीचा. रोज पुष्कळ अंतर जाणाऱ्याला तो परवडतो. पण मान्यताप्राप्त किट, अधिकृत ठिकाणी बसवून, आरसी बुकात नोंद करून घ्यावे. वसई-विरारकडच्या एमएच ४८ च्या गाड्यांना ते आपल्या विरारच्या आरटीओत करता येते. टाकीची दाबचाचणी दर ३ वर्षांनी करावीच. स्वस्तात मिळते म्हणून बिननोंदीचे किट बसवणे म्हणजे घरच्यांना दारूगोळ्यावर बसवणे आहे. आणि किटची किंमत किती महिन्यांत भरून निघेल, हे आधी वहीत मांडून पाहावे. महिन्याला ३०० किलोमीटर जाणाऱ्याला ती भरून निघायला वर्षे लागतील.

इथे इथेनॉलचाही उल्लेख केला पाहिजे, नाहीतर आपण भलत्यालाच दोष द्याल. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल असते. त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या घडणीच्या मोटारींचे ॲव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्क्यांनी आणि त्यासाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांचे १ ते २ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे जुनी गाडी १८ वरून १७ च्या खाली जरा उतरली, तर मिस्त्रीकडे धावू नये. १४ वर आली तर मात्र धावावे.

आता उरला तिसरा वाटेकरी, ब्रेक. आणि त्याच्याबरोबर चालवणाऱ्याचा हात. हजार किलो वजनाची गाडी ताशी ६० च्या वेगात आणायला साधारण मोठा चमचाभर पेट्रोल लागते. आपण करकचून ब्रेक दाबला की तो चमचाभर पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत जातो. असे शंभर वेळा केले की दीड लिटर संपले. म्हणून पुढचा सिग्नल, पुढची गर्दी लांबून पाहावी आणि पाय आधीच उचलावा. घोडबंदरच्या कोंडीत किंवा रेल्वे फाटकाशी गाडी उभी असेल, तर इंजिन बंद करावे. लहान गाडीसुद्धा नुसती उभ्या-उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पिते.

पण श्रोतेहो, इंजिन बंद करायचे ते गाडी उभी असताना. आता जे सांगणार आहे, ते बाकी सारे विसरलात तरी लक्षात ठेवा.

आमचा मुलगा परत कामावर आला, तेव्हा मी एक दिवस त्याच्या शेजारी बसलो. उतार आला की तो गाडी न्यूट्रलवर टाकी. मी विचारले, "असं का करतोस रे?" तो म्हणाला, "सर, मॅडम लोकांचं पेट्रोल वाढलंय ना, म्हणून उतारावर वाचवतोय." ज्याच्यावर आम्ही पेट्रोलचा आळ घेतला, तो पोरगा आमचे पेट्रोल वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालत होता, हे ऐकून मला काय वाटले असेल ते आपणच समजा.

कार्बोरेटरच्या काळात न्यूट्रलने थोडेफार इंधन वाचत असे. तेव्हाची ती सवय गुरुकडून शिष्याकडे आली. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलट आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर चाकेच इंजिन फिरवतात, आणि संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे वाचत तर काहीच नाही. आणि जाते काय? गिअरमधले इंजिन गाडीला मागून धरून ठेवते, तो आधार जातो. सगळा भार ब्रेकवर पडतो. ते तापतात आणि लागेनासे होतात. इंजिनच बंद केले, तर ब्रेकला मिळणारी मदत संपते, पेडल दगडासारखे होते, आणि किल्ली फिरवून काढली तर स्टिअरिंगही अडकू शकते.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याच्या नवले पुलाजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर एक ट्रक पुढच्या गाड्यांवर आदळत गेला आणि कितीतरी वाहनांचा चेंदामेंदा झाला. चालकाने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली असावी, असे तेव्हा प्राथमिक तपासातून पुढे आले होते. कसारा घाट असो, बोरघाट असो, की जव्हारकडची वळणे असोत. ज्या गिअरमध्ये चढायचे, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुना नियम आहे आणि तोच खरा आहे.

मी त्या मुलाला हे सारे समजावून सांगितले, आणि आमच्या मनात काय आले होते, तेही सांगितले. त्याची माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, मला तेव्हाच विचारायचं ना." त्याचे बरोबर होते. पहिल्या दिवशी विचारले असते, तर गाडीचा काटा वर येत नाही, हे त्यानेच आम्हांला सांगितले असते. ते त्याला दिसत होते.

आता वही त्याच्याकडेच असते. पेट्रोल भरले की तो आकडे लिहितो, आणि शनिवारी चौघांना दाखवतो. गेल्या पावसाळ्यात आकडा थोडा उतरलेला त्यालाच पहिल्यांदा दिसला. चाकाजवळ हात नेऊन तापलेले चाक त्यानेच शोधले.

आपल्या गावातही अशा गाड्या असतील: शाळेची मुले नेणारी, भाजी बाजारात पोचवणारी, रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी. त्यांच्या मालकांना आणि चालकांना एवढेच सांगावे. चुंबक घेऊ नका, दहा रुपयांची वही घ्या. आकडा उतरला तर माणसाला बोल लावण्याआधी गाडी तपासा, आणि गाडी तपासताना ती चालवणाऱ्याला विचारा. आणि उतारावर मात्र कधीही न्यूट्रलवर टाकू नका.